वांग्याच्या वाफ्यातलं स्थळ

ताईला बघायला आलेला मुलगा आमच्या परसातल्या चिकण मातीत अडकला, आणि माती सुधारेपर्यंत, म्हणजे दोन पावसाळे, तो तिथंच उभा होता.

आमच्या धानोऱ्यात याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. धानोऱ्याची काळी माती धरून ठेवणारी म्हणून पंचक्रोशीत माहीत होती. त्यात आमचं परस ओढ्याच्या अंगाला, सखल, जुन्या तळ्याच्या गाळावर. दिगंबरच्या आधी त्या मातीनं माझी एक चप्पल, दोन बादल्या, शेजारच्या डोईफोड्यांचं वासरू आणि विजेचं मीटर बघायला आलेला एक माणूस असे सगळे धरून ठेवले होते. वासरू आठवड्यानं सुटलं. मीटरवाला शनिवारी अडकला आणि सोमवारी निघाला. तो मुळात सडपातळ होता. बूट मात्र मातीकडेच राहिले.

त्या मातीचा स्वभावच तसा. पावसाळ्यात ती पाय आत ओढून घ्यायची, हिवाळ्यात आवळायची आणि उन्हाळ्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडायच्या. आता कुणी म्हणेल, मग उन्हाळ्यात भेगेतून पाय काढून घ्यावा. पण भेग पायाला लागून कधीच पडत नाही, हातभर लांब पडते. काळ्या मातीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुलाचं नाव दिगंबर हिप्परगेकर. पलीकडच्या तालुक्यात एका पतसंस्थेत कारकून. श्रावणातल्या एका रविवारी तो त्याच्या बापूमामांना घेऊन कुमुदताईला बघायला आला. पोहे झाले, चहा झाला, ताईला स्वयंपाक येतो का वगैरे विचारून झालं. मग मुलीच्या आईनं जे म्हणायचं असतं ते आई म्हणाली, "मागच्या परसातलं सगळं आमच्या कुमुदनंच लावलंय बरं का. तिला भारी हौस."

परसात त्या वर्षी काय होतं म्हणाल, तर लिंबाएवढी पाच-सहा वांगी आणि थोडे मुळे. चिकण मातीत मुळा सरळ खाली जात नाही. थोडा जातो, विचार करतो आणि आडवा वळतो. पण दिगंबर स्वभावानं भला. हात धुवायला मागच्या दारी गेला तो कौतुक करायचं म्हणून शहाबादी फरशीवरून खाली उतरला, वाफ्यात शिरला, आणि एका वांग्यापुढे वाकून "वा, रंग छान आहे" म्हणाला. तेवढं म्हणेपर्यंत तो पोटरीपर्यंत आत गेला होता.

"दिगू, चल रे, एसटी जाईल," मामांनी आतून हाक मारली.

"मामा, पाय निघत नाहीये."

"जोर लाव की."

"लावला. आणखी आत गेला."

आमचे अण्णा बाहेर आले. ते कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, चिखलाचा उभा जन्म अनुभव. त्यांनी फरशीवर उकिडवं बसून दोन्ही पायांचं निरीक्षण केलं आणि म्हणाले, "आज नाही निघायचा हा. बसायला काहीतरी आणा त्यांना."

मी स्टूल आणलं.

खरा घोटाळा नंतर झाला. बापूमामांनी निघताना रीतीप्रमाणे हात जोडले आणि रीतीप्रमाणेच म्हणाले, "बरंय, घरी जाऊन कळवतो." मग त्यांच्याच लक्षात आलं आणि ते उंबऱ्यात थांबले. "म्हणजे, मी घरी जातो. दिगूही घरी आला की त्याला विचारतो. आणि मग कळवतो."

"तसंच करा," अण्णा म्हणाले.

आजच्या मुलांना हे कळायचं नाही. त्या काळी मुलाकडची माणसं मुलीच्या घरी बसून हो किंवा नाही म्हणत नसत. मुलगी कितीही आवडो, घरी जायचं, मग कळवायचं. होकाराला घरून येण्याची रीत होती, नकाराला तर होतीच होती. आणि ते कळेपर्यंत मुलीकडच्यांनी दुसरं स्थळ बघायचं नाही. सगळा व्यवहार या एका वाक्यावर चाले. ते वाक्य म्हणणारा माणूस घरी जाऊच शकत नसेल तर काय करायचं, याची तरतूद कुणीच केलेली नव्हती.

आईनं पहिल्याच आठवड्यात प्रयत्न करून पाहिला. दिगंबरच्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "इथूनच सांगून टाका की हो. एका शब्दाचं तर काम."

"काकू, मुलीच्या दारात उभं राहून कसं सांगायचं?" दिगंबर म्हणाला. "आणि समजा नाही म्हणायचं असलं, तर नंतर भाकरी कुठल्या तोंडानं मागू?"

आईला ते पटलं. तिनं आणखी एक भाकरी वाढली.

अण्णांनी कालव्यावरचे दोन मजूर बोलावून त्याला खणून काढायचा प्रयत्न केला. ओल्या चिकण मातीत कुदळ घातली की ती कापली जात नाही, लिंपली जाते. संध्याकाळपर्यंत दिगंबरभोवती एक गुळगुळीत हौद तयार झाला, त्यात पाणी साचलं, आणि सकाळी बघतो तो माती परत जागच्या जागी, आधीपेक्षा घट्ट. मजूर म्हणाले, "अण्णा, ह्यांला राहू द्या. हे रुजलेत."

मग दिगंबर राहिला. डोक्यावर तुराट्यांचं छप्पर घातलं. पाठीमागे फळ्यांवर बाज टाकली. गुडघे मोडून मागे कललं की झोप लागायची. आंघोळीचं पाणी परस्पर वांग्यांना जायचं. इतर सोयींबद्दल आमच्या घरात बोलत नसत, पण त्या होत्या.

महिन्याभरानं त्याच्या पतसंस्थेतून कुलथे नावाचे साहेब चौकशीला आले. ते फरशीच्या खाली उतरले नाहीत.

"हिप्परगेकर, तुमची रजा संपली."

"साहेब, मी रजेवर नाही. अडकलोय."

"अडकलोय असं सदर नाही आपल्याकडे. आजारी आहात का?"

"नाही."

"घरगुती अडचण?"

"हे माझं घर नाही, साहेब."

कुलथे साहेबांनी आईनं केलेला चहा पीत बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला फिरतीवर दाखवतो." त्याप्रमाणे दिगंबर सव्वा वर्ष फिरतीवर होता. आठवड्याला एसटीच्या कंडक्टरबरोबर कागद यायचे, तो मांडीवर पाट ठेवून बेरजा करायचा आणि कागद परत जायचे. पतसंस्थेत म्हणत, एवढं चोख काम तो खुर्चीवर असताना कधी झालं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, ते दिवस फार छान होते. अण्णांना बुद्धिबळाला जोडीदार मिळाला. गावातले बाकीचे लोक हरायला लागले की कामं आठवून उठायचे. दिगंबर उठू शकत नसल्यामुळे डाव पूर्ण व्हायचे. आई फरशीवर सूप घेऊन बसायची आणि तांदूळ निवडता निवडता माहेरच्या सगळ्या हकिगती सांगायची. आमच्या घरात त्या हकिगती पहिल्यांदाच शेवटपर्यंत कुणीतरी ऐकल्या. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात मुक्कामाला होतो. दिगंबरनं मला कॉस्टिंग शिकवलं आणि मी पास झालो. संध्याकाळी आम्ही सगळे मागच्या फरशीवर. पुढच्या ओसरीत कुणी बसेनासं झालं. भाजी चिरायला परसात, रेडिओ परसात, आल्यागेल्याचा चहा परसात. इतकं घरभर बोलणं त्याआधी आमच्याकडे नव्हतं आणि त्यानंतरही झालं नाही.

एकट्या ताईचं तेवढं अडलं होतं.

ताई सत्तावीस वर्षांची. त्या काळी तो आकडा लोक आवाज खाली घेऊन बोलायचे. आणि उत्तर बाकी असल्यामुळे तिला दुसरं स्थळ चालेना. एकदा एक मावशी जिंतूरकडचं स्थळ घेऊन परस्पर आली. त्या लोकांनी पोहे खाल्ले, हात धुवायला मागे गेले आणि तसेच परत आले.

"तुमच्याकडं एक मुलगा आधीच आहे की," त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले.

"त्यांचं अजून कळायचंय," अण्णा म्हणाले.

"कळू द्या मग," असं म्हणून ते गेले. यात त्यांची काही चूक नव्हती.

ताई आणि दिगंबर एकमेकांशी बोलायचे नाहीत असं नाही, पण बेतानं. बघण्याचा कार्यक्रम नियमाप्रमाणे अजून संपलेलाच नव्हता. त्यामुळे पहिले काही महिने ताई परसात जाताना बरी साडी नेसायची. पुढे तिनं ते सोडून दिलं.

पहिल्या दिवाळीनंतर कृषी सहायक गुट्टे येऊन गेले. त्यांनी मातीचा गोळा करून वळला, त्याची काडी ओढली, काडीची बांगडी केली. बांगडी मोडली नाही. त्यांनी मान हलवली.

"ओली असताना खणली का?"

"खणली," अण्णा म्हणाले.

"तिथंच चुकलं. आता शेणखत, पालापाचोळा, हिरवळीचं खत. ओल्या मातीला हात लावायचा नाही, वाफ्यात पाय द्यायचा नाही. तीन हंगाम लागतील. माणूस असला तर चार."

अण्णांना तीन हंगाम ही शिफारस मंजूर नव्हती. त्यांचं म्हणणं, माती चिकट आहे, वाळू सुटी आहे, दोन्ही मिसळलं की मधलं काहीतरी होणार. त्यांनी नदीची एक गाडी वाळू आणून दिगंबरच्या चारी बाजूंनी मिसळली आणि वर पाणी मारलं. फाल्गुनात ऊन लागल्यावर त्या मिश्रणाचा असा धोंडा झाला की आईनं त्यावर पापड वाळत घातले.

"काका," दिगंबर म्हणाला, "आता बोटंसुद्धा हलत नाहीत."

गुट्टे परत आले, त्यांनी त्या जागेवर बुटाची टाच आपटली. टक्क आवाज आला. "चिकण मातीत वाळू घातली? अहो निरीक्षक, विटा पाडायच्यात का तुम्हाला?"

गुट्टे गेल्यावर ताई अण्णांसमोर येऊन उभी राहिली. "अण्णा, तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी? मला काय पडलंय?"

"वाळू टाकलीत त्या दिवशी तुमचा डाव अर्धा राहिला होता."

"त्याचा काय संबंध?" अण्णा म्हणाले. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. पटावरचा उंट उचलला आणि होता तिथंच परत ठेवला.

त्या दिवसापासून माती ताईनं आपल्या ताब्यात घेतली. दुपारची गोष्ट. आई-अण्णा आडवे झालेले, मी फरशीवर वही तोंडावर घेऊन पडलेलो. त्यांना वाटलं मी झोपलोय.

"ऐकलंत का," ताई म्हणाली, "मी ही माती भुसभुशीत करणार आहे."

"एवढा त्रास कशाला? बरं चाललंय की माझं."

"तुम्हाला घरी जाता यावं म्हणून."

दिगंबरनं मांडीवरचा पाट बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आणि मी इथूनच सांगितलं तर? समजा, हो म्हणालो तर?"

"तर मी धरणार नाही ते. पाय अडकला म्हणून हो म्हणाला, असं मी जन्मभर म्हणत राहीन. आमटी खारट झाली तरी म्हणेन."

"मी केलेली आमटी?"

"तुमचीच. तुम्हालाच करावी लागेल मग."

दिगंबर हसला. मग त्याचा आवाज बदलला. "आणि सुटल्यावर मी परत आलोच नाही, काही कळवलंच नाही, तर?"

ताईनं हातातलं खुरपं पदराला पुसलं. "तर वांगी तरी चांगली येतील," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढचं सगळं फार सावकाश झालं. ताईनं वाळूचा तो धोंडा पहारीनं फोडून ओढ्यात टाकला. दिगंबरच्या पायांलगतचा भाग तिनं खिळ्यानं कोरून काढला, आणि तेवढे दिवस दोघं काही न बोलता एकमेकांच्या फार जवळ असत. मग तिनं डोईफोड्यांच्या उकिरड्यावरचं चांगलं कुजलेलं शेणखत आणलं. उसाचं पाचट आणलं. गावातल्या सगळ्या कडुलिंबांखालचा पाला झाडून आणला. बायका म्हणायच्या, कुमुदला झाडायची एवढी हौस असेल तर आमचं अंगणही झाड म्हणावं. वाफ्यावर तिनं एक फळी टाकली आणि घरात जाहीर केलं, यापुढे फळी सोडून कुणी पाय ठेवायचा नाही. पायानं माती दाबली जाते.

"मीसुद्धा?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही तर फळीवरसुद्धा नाही."

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला तिनं दिगंबरच्या चारही बाजूंनी ताग पेरला. ताग कमरेच्या वर गेला, पिवळा फुलायला लागला, आणि त्यातून नुसतं दिगंबरचं डोकं आणि पटावरचा घोडा धरलेला त्याचा हात दिसायचा. पावसानं उघडीप दिली, माती वाफशाला येऊन हाताला चिकटेनाशी झाली, तेव्हा तिनं तो कापून तिथंच गाडला. आईला वाईट वाटलं. "किती छान दिसत होता गं तो त्यात."

दिगंबरचा या कामात मोठा उपयोग झाला. आपण माती वरून बघतो, तो आतून सांगायचा. सकाळी चहा घेतला की ताई विचारायची, "काय म्हणतेय?" आणि तो डोळे मिटून पायांचा कानोसा घेऊन अहवाल द्यायचा. "डाव्या टाचेशी अजून दगड आहे. उजव्या अंगठ्याला मात्र काल रात्रीपासून जरा गार हवा लागतेय." एके दिवशी तो एकदम ओरडला. आम्हाला वाटलं विंचू चावला.

"गुदगुल्या होताहेत!" तो म्हणाला. "गांडुळं आली!"

ताई तेव्हा जी हसली तसं मी तिला आधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. तिनं त्या दिवशी गोड शिरा केला. कारण विचारलं तर म्हणाली, गांडुळं आली म्हणून.

माती सुधारत चालली तसं घरातलं वातावरण बिघडत चाललं. आई दुपारी हळूच बादली घेऊन वाफ्यावर जायला लागली.

"आई, पाणी कशाला? कालच दिलंय."

"झाड सुकलंय गं."

"कुठलं?"

आई वांग्यांकडे बघायची, मग दिगंबरकडे बघायची, आणि बादली तशीच घेऊन परत यायची. पण त्या पाण्यानंही आता काही होत नव्हतं. पूर्वी तांब्याभर पाणी दिवसभर डबक्यासारखं उभं राहायचं. आता बादली ओतली तरी माती ते मुकाट्यानं पिऊन टाकायची आणि वर चिखल म्हणून शिल्लक राहायचा नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही सगळे परसात चहा पीत होतो. दिगंबरच्या उजव्या पोटरीला डास चावला. त्यानं बोलता बोलता डावा पाय उचलला, डाव्या अंगठ्यानं उजवी पोटरी खाजवली आणि त्याच क्षणी तो थबकला. आम्हीही थबकलो. त्याचा डावा पाय सबंध बाहेर होता.

त्यानं इकडे तिकडे पाहिलं, आणि पाय परत खड्ड्यात घातला.

"चुकून निघाला," तो म्हणाला.

"असू दे, असू दे," आई म्हणाली. "चहा घ्या आणखी."

"चाल तुमची आहे," अण्णा म्हणाले.

ताई दारात उभी होती. तिच्या हातात विळा होता, मेथी कापायला निघाली होती. "परत काढा," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. दोन्ही."

दिगंबरनं एक पाय काढला, मग दुसरा. फरशीवर आला. सव्वा वर्ष उजेड न पाहिलेली ती पावलं पांढरीफटक आणि लहान मुलासारखी मऊ झाली होती, नखांत तेवढी काळी माती. दोन पावलं चालला आणि तिसरं टाकायला कुणाला विचारायचं असतं का, अशा नजरेनं आमच्याकडे बघत राहिला. अण्णांनी आपल्या वहाणा काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं आईला नमस्कार केला, अण्णांना केला, मला कॉस्टिंगची उजळणी ठेव म्हणाला. मग ताईसमोर उभा राहिला. बरंच काही बोलेल असं वाटलं.

"घरी जाऊन कळवतो," तो म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्यांत काहीच घडलं नाही. आईनं त्या संध्याकाळी सवयीनं पाचवं ताट वाढून फरशीवर नेलं आणि तसंच परत आणलं. अण्णा पटाच्या दोन्ही बाजूंनी खेळायला लागले आणि दोन्ही बाजूंनी हरायला लागले. ताईनं वाफ्यात राहिलेल्या त्या दोन खड्ड्यांत वांग्याचं एकेक रोप लावलं आणि त्यावर मूठ मूठ शेणखत टाकलं. रोज सकाळी ती फरशीच्या कडेला बसायची, मूठभर माती घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. माती बोटांमधून गळून जायची. एवढंच करायची आणि उठायची.

पौष गेला. काही कळलं नाही.

"सव्वा वर्ष माझ्या हातचं खाऊन गेला," आई शेवटी भडकली. "दोन ओळी टाकायला काय झालं? तुलाच घाई होती बाई. होता तसा राहू दिला असतास तर निदान डोळ्यांसमोर तरी होता!"

"डोळ्यांसमोर तर होता," ताई म्हणाली. "उत्तर नव्हतं."

"आता तर दोन्ही नाही!"

ताई मेथीची जुडी घेऊन बसली. पण त्या दिवशी तिनं मेथी निवडताना काड्या भाजीत टाकल्या आणि पानं कचऱ्यात.

माघात एका दुपारी बापूमामा आले. एकटेच. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. आई आतून दाराआड, अण्णा समोर, ताई मधल्या दारात उभी, लपायचं सोडून.

"दिगू घरी आला," मामा म्हणाले.

"ते आम्हाला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "त्याला महिना-दीड महिना झाला."

"आला खरा, पण बसेना. अंगणात आला तो नुसता चालतच राहिला. अंगण झालं, गल्ली झाली, गाव झालं, शेजारची गावं झाली. जेवायलासुद्धा चालता चालता. आता चालत्या माणसाला असलं काही विचारणं बरं दिसतं का? म्हटलं, फिरू दे, बाकी राहिलेलं सगळं फिरून होऊ दे. परवा संध्याकाळी आला, पायरीवर बसला, पाय पुसले. तेव्हा विचारलं."

"मग?" हे दाराआडून.

"होकार आहे."

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला आणि कुणी उठलं नाही.

"आता तुमच्याकडचं काय?" मामा ताईकडे बघून म्हणाले. "विचार करून सावकाश कळवा. घाई नाही."

"मी तर घरीच आहे," ताई म्हणाली. "हो."

वैशाखात लग्न झालं, आमच्याच दारात. दिगंबरनं सात पावलं टाकली तेव्हा गावातली माणसं मान उंच करून त्याच्या पायांकडे बघत होती. सगळं नीट पार पडलं. निघायची वेळ झाली, ताईची ट्रंक टेंपोत गेली, आणि आई म्हणाली, "मागच्या दारानं जाऊ दे तिला."

"नवरी मागच्या दारानं?" एक आजीबाई म्हणाल्या.

"वाफ्यातून. तिनं केलेला आहे, एकदा पाय लागू देत."

आई पहाटेपासून त्या वाफ्याला पाणी घालत होती. हौद रिकामा झाला होता. पाहुण्यांना आंघोळीला पाणी पुरलं नव्हतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही. अण्णांनी वाफ्यावरची फळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली होती.

ताई शालू सावरत फरशीवरून खाली उतरली. दिगंबर फरशीवरच थांबला, वहाणा हातात घेऊन. मधोमध, जिथं तो उभा असायचा तिथं, ताई थांबली. दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. वेळ गेला. टेंपोवाल्यानं भोंगा वाजवला. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"काय गं?" आईनं विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "बघतेय."

तिनं एक पाय उचलला. उचलला गेला. मग दुसरा. चहापत्तीसारखी काळीभोर, मोकळी माती तिच्या तळव्यांवरून गळून पडली. अळत्याला डागसुद्धा लागला नाही. तिनं वळून आमच्याकडे बघितलं. तिचा चेहरा रडवेला होता, पण गड्याच्या चेहऱ्यावर काम चांगलं झाल्यावर जे असतं तेही त्यात होतं. मग ती परसाच्या फाटकातून बाहेर पडली आणि दिगंबर वाफ्याला वळसा घालून तिच्यामागे गेला.

टेंपोचा आवाज ओढ्यापलीकडे जाईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मग आई वाफ्यात उतरली आणि त्याच जागी, वांग्यांच्या त्या दोन झाडांमध्ये जाऊन उभी राहिली. बराच वेळ झाला तरी हलेना, तेव्हा मी फरशीवरून हाक मारली.

"आई, अडकलीस का?"

"नाही रे," ती म्हणाली. "आता कुणीच अडकत नाही."